हत्यार

सिनेमाच्या बाबतीत आमची मजल फारशी नाही. विज्ञानपट म्हटला की आम्हाला २००३ सालचा ‘कोई मिल गया’ आणि त्यातला निळा जादू आठवतो. त्यामुळे सुट्टीत भाच्याने ‘मामू, हा बघाच’ म्हणून ‘अरायव्हल’ लावला, तेव्हा आम्ही उशी पाठीशी घेऊन झोपेची तयारीच केली होती. झोप काही आली नाही.

डेनी विलनव यांचा हा २०१६ सालचा चित्रपट टेड चियांग यांच्या कथेवर बेतलेला आहे. जगात बारा ठिकाणी काळी, अवाढव्य याने येऊन अधांतरी थांबतात. आता लढाई होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो, तर अमेरिकेचे लष्कर बोलावते कोणाला? भाषा शिकवणाऱ्या एका बाईंना!

लष्करी अधिकाऱ्याला घाई. पृथ्वीवर कशासाठी आलात, एवढेच विचारा म्हणतो. बाई ते वाक्य फळ्यावर लिहून त्याला समजावतात : आधी प्रश्न म्हणजे काय, हे त्या पाहुण्यांना कळले पाहिजे; ‘तुम्ही’ म्हणजे एकटा की सगळे, हेही कळले पाहिजे. मग पाटीवर ‘माणूस’ असा शब्द लिहून त्या स्वतःकडे बोट दाखवतात. आम्हाला आमचा पहिलीचा वर्गच दिसला. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र बी.एड.ला आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ असा परग्रहावरून यायचा होता!

पाहुण्यांची लिपी गोल, शाईच्या कड्यासारखी. तिला सुरुवात नाही, शेवट नाही. आम्ही उर्दू उजवीकडून लिहिणारे आणि मराठीच्या तासाला डावीकडून. आम्हाला तिचे अप्रूप वाटले. ती लिपी शिकता शिकता बाईंना काळही तसाच दिसू लागतो. होणारी मुलगी अकाली जाणार, हे आधी कळूनही त्या तिला जन्म देतात. मुलीचे नाव हॅना. इंग्रजीत ते दोन्हीकडून सारखेच वाचता येते. उर्दूत ‘दर्द’ हा शब्द तसा आहे. दाल, रे, दाल. कोणीकडूनही वाचा, कमी होत नाही.

पण आम्हाला खरे अस्वस्थ केले ते एका शब्दाने. पाहुणे काहीतरी देऊ म्हणतात, आणि त्याचे भाषांतर होते ‘शस्त्र’. झाले! देश एकमेकांशी बोलणे तोडतात, सैन्ये सज्ज होतात. बाई परोपरीने सांगतात, कदाचित त्यांना ‘अवजार’ म्हणायचे असेल. प्रत्यक्षात ते देणार असतात आपली भाषा. आम्हाला हसू आले. मराठीत हा घोटाळा रोजचाच आहे. सुतार ‘उद्या हत्यारं घेऊन येतो’ म्हणतो, तेव्हा आपण घाबरत नाही, चहा टाकतो. उर्दूत मात्र औजार वेगळे आणि हथियार वेगळे. म्हणून मराठीच्या धड्यात सुताराची हत्यारे आली की आमची मुले दचकून वर बघतात.

दुसरी अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. उर्दूच्या एका ‘हम’मध्ये दोन्ही मावतात. मुले हटकून चुकतात. आम्ही सांगतो, ऐकणारा बाहेर राहिला तर आम्ही, आत आला तर आपण.

सिनेमा संपल्यावर एसटीतला एक प्रसंग आठवला. आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो. शेजारचे वयस्कर गृहस्थ बराच वेळ कागदांकडे आणि आमच्या दाढीकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, “काय लिवलंय ह्यात?” त्या आवाजात नुसते कुतूहल नव्हते. आम्हाला राग आला. तो गिळून म्हणालो, “पाचवीचा विज्ञानाचा पेपर आहे. पाण्याच्या तीन अवस्था.” एका मुलीने वितळणाऱ्या बर्फाचे चित्र काढले होते, तेही दाखवले. ते चित्र त्यांनी हातात घेऊन पाहिले. “आमच्या नातवालाबी हेच हाय की,” म्हणाले आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली.

तो राग आम्ही बरेच दिवस बाळगला होता. आता वाटते, काही न विचारता जागा बदलणारेही आम्हाला भेटले आहेत. यांनी निदान विचारले तरी. आणि उतरायच्या वेळी आमची पिशवी हातात देत ते म्हणाले होते, “चला गुरुजी, आपलं स्टँड आलं.”