किती माणसांत निघते?

कच्च्या वाटेने गाडी हाकणारा माणूस अमुकच फोर-व्हील गाडी का पसंत करतो, हा प्रश्न कॉमर्सच्या अभ्यासक्रमात कुठे बसत नाही. बसवायचाच झाला तर 'ग्राहकाची पसंती' या प्रकरणात बसेल. किंमत, उत्पन्न आणि आवड पाहून ग्राहक निवड करतो, असे त्या प्रकरणात आम्हाला शिकवतात. गेल्या सुट्टीत सौंसरला माझ्या मामांना हे ऐकवले, तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "अन् माती कोन पाह्यते?"

सौंसर आणि पांढुर्णा ही गावे आपल्या बेळगावकडच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. नागपूरहून उत्तरेला निघाले, की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात ती लागतात. पांढुर्णा भोपाळच्या वाटेवर, सौंसर छिंदवाड्याच्या. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. आपल्याकडच्या माणसाला यावर अधिक काही सांगायला नको. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा नावाचा वेगळा जिल्हा केला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शेतात कापूस आणि बागेत संत्री, असा हा मुलूख. माझे आजोळ तिथले, म्हणून मला त्याची ओळख.

मामांची संत्र्याची बाग पक्क्या सडकेपासून आत, एका नाल्यापलीकडे आहे. पुढे आणखी चार-पाच जणांच्या बागा आहेत. वाट एकच, आणि ती सगळी काळ्या मातीतून जाते. कन्नडमध्ये आपण जिला एरी म्हणतो, तीच ही. बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूने येणाऱ्या आमच्या वर्गमित्रांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती पावसात निसरडी होते, वाहून जाते, पण खाली कुठेतरी दगड लागतो. काळी माती वाहून जात नाही. ती धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून मेणासारखी होते. चप्पल घालून चालू लागले, की दहा पावलांत चपलेचे वजन शेरभर वाढते. गाडीच्या चाकाचे तेच होते. माती टायरच्या दातांत भरते, टायर गुळगुळीत होतो, मग ती मडगार्डात कोंबली जाते आणि शेवटी चाकच जाम होते. म्हणून तिकडचे जुने लोक रुंद टायर पाहिला की हसतात. मामांच्या जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर आहेत, दाते खोल आणि एकमेकांपासून लांब. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, आणि मडगार्डात हात जाईल एवढी जागा राहते. वाळूत याच्या उलट, तिथे टायर रुंद हवा. तेव्हा चांगला टायर कोणता, असे विचारण्याआधी कुठला चिखल ते विचारले पाहिजे.

आता थोडे यंत्राविषयी. प्राध्यापक मंडळींनी ही दहा ओळींची आगळीक पोटात घालावी. फोर-व्हील म्हणजे चारही चाके सारखीच ओढतात, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून आसाच्या मध्यावर डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची योजना केलेली असते. तिचा एक वाईट गुण असा, की ज्या चाकाला जमिनीचा अटकाव कमी, त्यालाच ती गरगर फिरवत बसते आणि जोडीचे चाक स्वस्थ उभे राहते. त्यामुळे चारही चाकांना ओढ असूनही पुढचे एक आणि मागचे एक अशी दोनच चाके चिखल उडवत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, डिफरन्शियलला कुलूप घालायचे. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे तशी सोय आहे. दुसरा, घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावायचा, म्हणजे ओढ दुसऱ्या चाकाकडे जाते. नव्या गाड्या असे करतात आणि ते काम संगणक पाहतो.

शिवाय काही गाड्यांत चारही चाकांची ओढ कायम असते किंवा गरजेप्रमाणे आपोआप येते, काहींत ती दांड्याने टाकावी लागते. दांड्याच्या गाडीत पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जखडला जातो. डांबरी सडकेवर तसे करून चालवले तर वळताना यंत्रावर ताण येतो, म्हणून चिखल आला की टाकायची आणि संपला की काढायची. शहरातल्या माणसाला ही कटकट वाटते. मामांना तोच गुण वाटतो. "मी टाकली म्हंजे ते पडली, हे मले मालूम असते," असे ते म्हणतात. त्यातच लो गिअर असतो. गाडी माणसाच्या चालीने चालते, पण ओढ दुपटीहून वाढते. चिखलात वेग हा शत्रू असल्याने अनुभवी हाकणारे इंजिनाच्या ताकदीपेक्षा या लो गिअरची चौकशी आधी करतात.

पण मामांच्या तोंडून मला जे खरे कळले, ते यंत्राविषयी नव्हतेच. माझा मामेभाऊ नव्या गाडीची पत्रके घेऊन आला होता. जुनी जीप काढून नवी घ्यावी, असा त्याचा हट्ट. त्याने उंची सांगितली, ताकद सांगितली, किती पाण्यातून जाते ते सांगितले. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खाली तं कोनतीबी गाडी जाते, बापू. फसली म्हंजे किती मानसात निघते, थे सांग."

त्याच्याकडे उत्तर नव्हते. ते कुठल्याच पत्रकात छापत नाहीत.

मला हा प्रश्न इतका आवडला, की त्या सुट्टीत भेटेल त्या गाडीवाल्याला मी तोच विचारत सुटलो. पेंचच्या जंगलात पर्यटकांना फिरवणारा एक चालक आमच्या ओळखीचा आहे. तो मारुती जिप्सीशिवाय दुसऱ्या गाडीचे नाव काढू देत नाही. जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली, तेव्हा तिचे इंजिन ९७० सी.सी.चे होते, आजच्या कित्येक घरगुती मोटारींपेक्षा लहान. पुढे १३०० सी.सी.चे आले. पण वजन टनाच्या आसपासच राहिले, आणि तिची सगळी कीर्ती त्या हलकेपणाची आहे. चार पर्यटकांना खाली उतरवून ढकलायला लावले, की ती निघते. पेट्रोलचे इंजिन असल्याने आवाज कमी. मागचे छत काढून उंचावर बाके बसवता येतात. पत्रा आणि पाटे गावातला मिस्त्री ठोकून देतो. २०१९ च्या आसपास कंपनीने तिची सर्वसाधारण विक्री बंद केली आणि २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी आणली. तिलाही दांड्याची फोर-व्हील आहे, लो गिअर आहे, पुढे-मागे सलग आस आहेत. जाणकार म्हणतात, हीच जिप्सीची खरी वारसदार. चालकाला हे मान्य आहे. "पन तिच्या पाठीवर सहा पाहुने कुठं बसवू?" हा त्याचा सवाल. म्हणून जुन्या जिप्सीचे इंजिन खोलायचे, पत्रा बदलायचा आणि तीच चालवायची.

हाच प्रश्न आपल्या बाजूला विचारला तर उत्तर निराळे येते. गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागरच्या पायथ्याशी नेणाऱ्या गाड्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. तिथे महिंद्राच्या डिझेल गाड्यांचे राज्य आहे. वाट दगडगोट्यांची, मध्ये वाहते ओढे. तिथे वजनाचे भय कमी, कारण तळ टणक आहे. उलट भरलेली गाडी पाण्याच्या ओढीत सरकत नाही. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांत जोर असतो आणि पाण्याने बिघडणारी स्पार्कची भानगड त्याला नसते. म्हणजे पेंचच्या चालकाने नाकारलेला जडपणा कुळ्याच्या चालकाला उपयोगाचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोघेही एकमेकांना अडाणी म्हणतील अशी माझी खात्री आहे.

पांढुर्ण्याच्या मावसाजींची गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांचा कापसाचा धंदा, घर हमरस्त्याला लागून, सगळीकडे डांबर. त्यांनी एक उंच, रुबाबदार, रुंद टायरांची गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. तिच्याकडे पाहून कोणालाही वाटावे की ही हिमालय चढेल. ओढ मात्र मागच्या दोनच चाकांना. त्यांच्या वापराला ती पुरेशी होती, आणि फोर-व्हीलचे जास्तीचे पैसे वाचवले यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. पण पोळ्याला ते ती घेऊन थेट बागेत आले. नाल्याच्या अलीकडेच गाडी आसापर्यंत बसली. आठ जणांनी जोर लावला, मग दोन बैलजोड्या लावल्या (सणाच्या दिवशी बैलांना कामाला जुंपल्याबद्दल आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही), आणि शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली. खरी चिखलातली गाडी म्हणजे ट्रॅक्टर, हे त्या दिवशी सर्वांनी कबूल केले. पण ट्रॅक्टरवर बसून कोणी रात्री बाळंतिणीला नेत नाही.

मामांच्या जीपचा खरा हिशेब इथून सुरू होतो. ती महिंद्रा एम.एम. ५४०, १९९४ सालची, सरकारी लिलावात घेतलेली. प्यूजोच्या आराखड्याचे २११२ सी.सी. डिझेल इंजिन, साठेक अश्वशक्ती. आमच्या हिशेबाच्या पुस्तकाप्रमाणे घसारा लावून तिची किंमत केव्हाच शून्य झाली आहे. उलट खर्च वाढतो आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चे ५००० रुपये झाले. २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०००० केले. मामेभावाचा मुद्दा अगदीच पोरकट नाही. वहीत पाहिले तर तो जिंकतो.

पण वहीत न उतरणाऱ्या काही रकमा आहेत. तीन पावसाळ्यांपूर्वी पलीकडच्या बागेतल्या सालदाराच्या मुलाला रात्री साप चावला. नाल्याला गुडघाभर पाणी होते. मामांनी जीप काढली, लो गिअर टाकला आणि तासाभरात पोराला सौंसरच्या दवाखान्यात पोचवले. वेळेत औषध मिळाले, पोर आज शाळेत जाते. त्या वाटेवरच्या सगळ्या बागांना पावसाळ्यात बाहेर पडायला ही एकच गाडी आहे. बाळंतपण असो, ताप असो, फवारणीचे औषध आणायचे असो, माणूस मामांच्या दारी येतो. डिझेलचे पैसे कोणी देतो, कोणी संत्र्याच्या हंगामात मजुरीला येऊन फेडतो. तेव्हा ही गाडी कोणती असावी हे ठरवताना मामा एकटे ग्राहक नाहीत. मामेभावाने आणलेल्या पत्रकातली गाडी कितीही चांगली असली, तरी तिचा एखादा सेन्सर गेला तर तो तपासायला नागपूर गाठावे लागेल, आणि नेमकी ती वेळ नाल्याला पाणी असण्याची असेल. जीप बंद पडली तर सौंसरचा मिस्त्री मोटरसायकलवर पाने घेऊन येतो.

हे सौंसरपुरतेच असेल असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलीस जीप सैन्यात गेली, त्यामागे ताकदीइतकाच भाग होता तो सुट्या भागांच्या सारखेपणाचा. एका मोडक्या गाडीचे सामान दुसरीला बसत असे. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात ब्रिटिश लँड रोव्हरचा बोलबाला होता. स्नोई पर्वतांतल्या जलविद्युत प्रकल्पावर टोयोटाच्या लँड क्रूझर आल्या, कामगारांनी त्या वापरून पाहिल्या, आणि पुढे त्या देशाच्या ओसाड भागात लोक डोळे मिटून तीच गाडी घेऊ लागले. जिथे पुढचे गाव शंभर कोसांवर, तिथे तिचा सुटा भाग मिळतो, हेच मुख्य कारण. जाहिरातीत डोंगरमाथ्यावर उभी असलेली गाडी दिसते. घेणारा मात्र ती बंद पडलेली कल्पून घेतो.

मामेभावाशी मी यावर पुष्कळ वाद घातला. तो म्हणतो, तुम्ही लोक गरिबीला शहाणपण म्हणता. नवी गाडी थंडीत पहिल्या चावीला सुरू होते, अपघातात माणूस वाचवते, आजीचे गुडघे दुखत नाहीत. यातले एकही खोटे नाही. जीपमध्ये बसून आलेल्या माणसाला आपल्या पाठीत किती मणके आहेत ते मोजता येते. त्या सापाच्या रात्री गाडी सुरू व्हायला धक्का द्यावा लागला होता, हेही त्याने मला आठवणीने सांगितले. मामा त्या वेळी तिथेच होते. ते काही बोलले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी घरात ठरले ते असे. जीप विकायची नाही. तिचे इंजिन खोलून रिंगा-पिस्टन आणि बॅटरी बदलायची. मामेभावाने जिम्नी आणि थार या दोन्ही गाड्या कुणाकडून तरी मागून, ऐन श्रावणात, बागेच्या वाटेवर चालवून दाखवायच्या. अट एवढीच, की तो दोन्ही गाड्या नाल्याजवळ मुद्दाम फसवील आणि सगळ्या बागांतली माणसे जमून मोजतील. पैसे आंबिया बहराचा सौदा कसा होतो त्यावर. जिम्नी सुमारे बाराशे किलोची, डिझेलची थार त्याहून पाचेकशे किलोंनी जड. मामेभावाने कागदावर आकडेमोड करून जिम्नीला सहा माणसे लिहिली आहेत. मामांनी त्याच कागदावर त्याखाली पेन्सिलीने लिहिले, "अन् बैल?"