रिकामी केलेली जागा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मिनियापोलिसच्या घरात पडून होतो. 2025चा मार्च, अमेरिकन फुटबॉलपटूंचे करार संपण्याचे दिवस. क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डने आमच्या व्हायकिंग्ज संघाला नुकत्याच संपलेल्या मोसमात 14 विजय मिळवून दिले होते, तरी तो सिअ‍ॅटलला गेला. मित्रांत कडाक्याचे वाद. शेवटचे दोन सामने हरला, एवढे पैसे कशाला ओतायचे, असं काहींचं म्हणणं. मला तो राहायला हवा होता.

पण मन घुटमळे ते संघाच्या तरुण क्वार्टरबॅकपाशी, जे. जे. मॅकार्थीपाशी. 22 वर्षांचा मुलगा. गुडघ्याच्या दुखापतीने पहिला अख्खा मोसम हुकलेला. जिंकणाऱ्या माणसाची जागा संघाने त्याच्यासाठी रिकामी केली. तिचं ओझं केवढं असेल? व्यायामात पाय वाकवताना तोच आठवे. आणि डार्नल्ड? एवढं जिंकून सामान बांधणाऱ्याला काय वाटलं असेल, हे मला अजून उमगत नाही.