जागा सोडणारं प्रथिन

पडलेला दुधाचा दात हाती आला की तो उभा कापायचा आणि दगडावर पाणी टाकत बोटाच्या पेराखाली घासत राहायचं, हे काम मी कुणावर सोपवत नाही. चकती इतकी पातळ व्हायला हवी की खाली धरलेली छापील अक्षरं तिच्यातून वाचता यावीत. दाब किंचित जास्त झाला तर इनॅमलचा कपचा उडतो. नीट जमली तर सूक्ष्मदर्शकाखाली इनॅमलमध्ये एक ठळक रेषा दिसते. ती जन्माच्या वेळी उमटते. रेषेच्या आतलं इनॅमल आईच्या पोटात घडलेलं, बाहेरचं नंतरचं.

तसाच दुसरा दात आम्लात मुरवून मऊ केला, की त्यातलं इनॅमल साफ विरघळून जातं आणि काचेवर त्याच्या जागी रिकामी पट्टी उरते. मात्र गर्भातल्या दाताच्या कळीत तीच पट्टी भरलेली दिसते, रंगही घेते. तिथे प्रथिनं अजून ठाण मांडून असतात. हा फरक पाहताना मी दरवेळी थांबते. कारण इनॅमलची सगळी ताकद प्रथिनांच्या निघून जाण्यात आहे.

गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पुढच्या दुधाच्या दातांवर इनॅमल चढू लागतं, दिवसाला साधारण ४ मायक्रॉन. पेशी जी प्रथिनं सोडतात त्यांतलं ९० टक्क्यांच्या आसपास एकटं अ‍ॅमेलोजेनिन. त्याच्या आधाराने खनिजाचे लांबच लांब, नाजूक स्फटिक उभे राहतात. एमएमपी-२० हे विकर सुरुवातीपासूनच प्रथिनांचे तुकडे पाडतं. पुढे केएलके-४ उरलेल्यांचा बारीक चुरा करतं आणि पेशी तो ओढून घेतात. स्लॅबचं सेंट्रिंग काढावं तसंच हे, फक्त इथे मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक आणखी जाड होत जातात. शेवटी वजनाने ९६ टक्के खनिज उरतं. दात हिरडीतून वर येईतो पेशीही नाहीशा होतात, त्यामुळे पुढे डागडुजी करायला कुणी उरत नाही.

केएलके-४ नीट बनलं नाही तर प्रथिन आतच अडकतं; इनॅमल पुरेसं जाड होतं, पण मऊ आणि पिवळट-तपकिरी राहतं. असं मूल घेऊन आलेली आई हमखास विचारते, "डॉक्टर, दिवस असताना मला कॅल्शियमच्या गोळ्या पचत नव्हत्या हो, त्यामुळेच ना?" नाही. सदोष जनुक दोघांकडून एकेक आलेलं असतं; आई-बाबांचे स्वतःचे दात धडधाकट असतात. घरच्यांनी तिच्यावर ठपका ठेवलेला असतो, म्हणून हे मी सासूबाईंनाही आत बोलावून सांगते.

उपचारातही ते अडकलेलं प्रथिन आडवं येतं. कॉम्पोझिट धरत नाही. काही जण आधी हायपोक्लोराइटने प्रथिन धुऊन पाहतात, पण त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. दाढांना मी सरळ स्टीलच्या कॅप घालते. पक्क्या दातांतही हाच दोष असतो, म्हणून सहाव्या वर्षी मागची दाढ डोकावली की महिनाभरही थांबू नका, लगेच घेऊन या, असं बजावून पाठवते.