शनिवारी रात्री भिजवलेले ओट्स

आमच्या घरी रविवारच्या न्याहारीची तयारी शनिवारी रात्री होते. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी काचेचा चौकोनी ट्रे काढते, त्याला आतून लोणी चोळते आणि बेक्ड ओटमीलचं साहित्य मांडते. धाकटी ओट्स मोजते, थोरला सफरचंदं चिरतो. कालवाकालव फार नसते. ट्रेवर झाकण पडतं, तो फ्रिजमध्ये जातो आणि सकाळी जो आधी उठेल तो ओव्हन लावतो.

आम्ही राहतो तो पेनसिल्व्हेनियातला लँकेस्टर परगणा आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या भागातून त्यांचे पूर्वज अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे येऊन वसले. धर्मश्रद्धेपायी युरोपात छळ सोसलेली ही माणसं. घरात त्यांतले बरेच जण आजही जर्मनची एक बोली बोलतात. आमिश लोक घोडागाडीने फिरतात, घरात सार्वजनिक वीजवाहिनी घेत नाहीत, त्यांच्या शेगड्या आणि फ्रिजही बहुधा गॅसवर चालतात. मेनोनाइटांमध्ये पुष्कळ पंथ आहेत आणि त्यांतले बरेचसे लोक आपल्यासारखेच मोटार चालवतात, नोकऱ्या करतात. बेक्ड ओटमील हा या मंडळींच्या घरचा पदार्थ. आता तो अमेरिकेत सगळीकडे पोचला आहे, पण इथल्या छोट्या निवासांमध्ये पाहुण्यांच्या न्याहारीला तो हमखास असतो.

मला तो भेटला बाळंतपणात. धाकटीच्या जन्मानंतर घरी आले त्याच आठवड्यात शेजारची बाई दारात उभी राहिली. हातात कापडाने झाकलेला ट्रे. बाई मेनोनाइट, शाळेतून निवृत्त झालेली, तोवर आमची ओळख कुंपणापलीकडून हात हलवण्यापुरती. इथे बाळंतिणीच्या घरी शेजारपाजारच्यांनी शिजवलेलं आणून द्यायचं ही रीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. आई तेव्हा सांगलीहून बाळंतपणासाठी आली होती. तिचं अळीव, डिंक, खसखस, खोबरं सगळं शिस्तीत चाललेलं. तिने ट्रेवरचं कापड उचललं, वास घेतला, आणि मला म्हणाली, "अगं, यात अंडं आहे का विचार." होतं. आई अंडं खात नाही. पण तिने माझ्यासाठी एक चौकोन कापला, वर गरम दूध ओतलं आणि वाटी माझ्या हातात देताना म्हणाली, "तू खा. दूध आहे, लोणी आहे, कोरडं काही नाही. बाळंतिणीला चालेल."

वरून खरपूस, आत मऊ, दालचिनीचा वास, मधेच सफरचंदाची आंबटगोड फोड. त्याआधी ओट्स म्हटलं की मला ऑफिसात कागदी पेल्यात गरम पाणी ओतून खाल्लेला लगदा आठवायचा. हे त्याहून फार वेगळं होतं. याला दाताखाली काहीतरी लागत होतं.

बाळ जरा मोठं झाल्यावर मी शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन ते शिकून आले. तिने चिठ्ठी लिहून दिली, पण चिठ्ठीत नसलेलंच जास्त सांगितलं. मीठ विसरायचं नाही. मिठाशिवाय ओट्स मिळमिळीत लागतात, कितीही साखर घाला. अंडी दुधात नीट फेटून घ्यायची, नाहीतर शिजल्यावर पांढरे तुकडे दिसतात. रात्री भिजवायचं असेल तर बेकिंग पावडर सकाळी घालायची, कारण ओल लागली की तिचं काम तिथेच थोडं सुरू होतं. आणि ओट्स घ्यायचे ते जाड, लाटलेले.

ओट्सचा हा भाग आपल्या लोकांना पोह्यांवरून चटकन कळतो. भात भिजवून, भाजून, दाबून पोहे करतात. ओट्सचे दाणे सोलून, वाफवून, रुळांखाली चपटे करतात. पातळ पोहे आणि जाडे पोहे यांत जो फरक, तोच झटपट शिजणाऱ्या आणि साध्या जाड ओट्समध्ये. वाफवण्यामागे कारण आहे. इतर धान्यांच्या मानाने ओट्समध्ये स्निग्धांश जास्त असतो, आणि दाण्यातच असं एक विकर असतं की दाणा फुटला की ते त्या स्निग्धाशी खेळून सगळं खवट करून टाकतं. वाफेने ते विकर निकामी होतं आणि मग ओट्स महिनोन्‌महिने टिकतात. तरीही जुनं पाकीट उघडल्यावर आधी हुंगावं. खवट ओट्स कोणत्याही दालचिनीने झाकले जात नाहीत.

अमेरिकेत हे धान्य बराच काळ मुख्यतः घोड्यांचं खाद्य होतं. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात फर्डिनांड शूमाकर या जर्मनीहून आलेल्या दुकानदाराने 1850च्या दशकात ते दळून माणसांना विकायला सुरुवात केली. त्याच राज्यातल्या रॅव्हेना गावच्या गिरणीने 1877 साली क्वेकरचं चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं. त्या डब्यावरचा टोपीवाला माणूस आजही दुकानात दिसतो. घोड्याचं खाद्य ते देशाची न्याहारी, हा प्रवास शंभर वर्षांच्या आतला आहे.

आता माझं प्रमाण. सहा जणांना पुरेल इतकं. तीन कप जाड ओट्स, म्हणजे साधारण अडीचशे ग्रॅम. दोन कप दूध. शेजारणीच्या चिठ्ठीत एकच कप आहे, पण तिचं ओटमील घट्ट, वडीसारखं पडतं आणि वाढताना ती वरून दूध ओतते. आमच्याकडे मऊ आवडतं. दोन अंडी, अर्धा चमचा मीठ, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनीपूड, चिमूटभर जायफळ. दोन सफरचंदं सालासकट चिरून. मूठभर अक्रोड. तिच्या चिठ्ठीत ब्राउन शुगर कपभर आणि लोणी अर्धा कप. मी साखरेच्या जागी पाव कप मेपल सिरप घालते आणि लोणी दोन मोठे चमचे. ओव्हन 350 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 175 सेल्सिअस. ट्रे फ्रिजमधून थेट आत जाणार असेल तर पंचेचाळीस मिनिटं, नाहीतर पस्तीस-चाळीस. कडा सोनेरी होऊन ट्रेपासून सुटू लागतात, मधला भाग हलवल्यावर डुचमळत नाही, तेव्हा झालं. बाहेर काढून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. त्या वेळात अंडं आणि ओट्सचा चिकटपणा मिळून ते धरून येतं. लगेच कापलं तर चमच्याने वाढावं लागतं.

तो चिकटपणा म्हणजे बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू. भिजवल्यावर जी बुळबुळ येते ती त्याचीच. पुष्कळ लोक तिला नावं ठेवतात, पण ओट्सचा खरा गुण तिच्यात आहे. रोज या तंतूचे 3 ग्रॅम पोटात गेले, आणि आहारात संपृक्त स्निग्ध कमी असले, तर हृदयविकाराचा धोका कमी व्हायला मदत होते असं पाकिटावर छापायची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली दिली. अर्धा कप कोरड्या ओट्समध्ये त्यातले सुमारे 2 ग्रॅम मिळतात, म्हणजे माझ्या ट्रेतल्या एका चौकोनात. पण त्याच वाक्यात संपृक्त स्निग्धाची अट आहे, म्हणून अर्धा कप लोण्याचं ओटमील खाऊन हृदयाची काळजी घेतली असं म्हणता येत नाही. लोणी मी त्यासाठीच कमी केलं.

साखर कमी झाली ती बाबांमुळे. आईबाबा उन्हाळ्यात येतात. बाबांना मधुमेह आहे, आणि सकाळी गोड खायचं हेच त्यांना पटत नव्हतं. "गोडाचं जेवण सणाला," हे त्यांचं म्हणणं. ते ऐकून मी मेपल सिरप आणखी कमी केलं. मेपलचं असो की उसाचं, साखर ती साखरच. त्याऐवजी फळ वाढवलं आणि अक्रोड दुप्पट केले. बाबा आता छोटा चौकोन घेतात, सोबत घट्ट दही, आणि नंतर यंत्रावर साखर तपासतात. त्यांच्या आकड्यांवरून मी कुणाला सल्ला देणार नाही, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. पण झटपट शिजणारे बारीक ओट्स रक्तातली साखर जाड ओट्सपेक्षा लवकर वाढवतात, एवढं लक्षात ठेवावं.

अंड्याचा प्रश्न आईने सोडवला. जवस आमच्याकडे चटणीपुरतं. एका अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी ताणली जाते आणि ओट्सला धरून ठेवते. ही युक्ती मी वाचली होती, पण जवस आधी मंद आचेवर भाजून घ्यायचं आईने सुचवलं. कच्च्या जवसाचा जो उग्र वास येतो तो गेला, आणि चव इतकी खमंग आली की आता अंडी असली तरी मी पुष्कळदा जवसच घालते. ओटमील किंचित भुसभुशीत होतं. मला ते चालतं.

या पदार्थावर माझा जीव आहे तो मात्र चवीमुळे किंवा तंतूंमुळे नाही. माझ्या लहानपणी रविवारी घरी घावन, थालीपीठ, आंबोळ्या असायच्या. आम्ही भावंडं आणि बाबा ताटं घेऊन बसायचो आणि आई तव्यापाशी उभी. गरम गरम एकेक पानात यायचं. आमचं झाल्यावर, बाबांचा दुसरा चहा झाल्यावर, ती उरलेल्या पिठाचं शेवटचं वेडंवाकडं थालीपीठ टाकायची आणि बहुतेक वेळा उभ्यानेच खायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. पदार्थच असे होते की करणाऱ्याला बसता येत नाही. मीही लग्नानंतर कित्येक वर्षं तेच केलं. पोहे असोत की डोसे, माझी बशी कायम शेवटी.

ओव्हनमधल्या ट्रेपाशी कुणाला उभं राहावं लागत नाही. सगळ्यांचं एकदम होतं, सगळ्यांचं सारखंच गरम असतं. पहिल्यांदा आई आमच्याकडे त्या न्याहारीला बसली तेव्हा ती दोनदा उठली, चहा बघायला, दूध आणायला. थोरल्याने तिला हात धरून बसवलं. "आजी, सगळं टेबलावर आहे." होतंच सगळं टेबलावर. आई मग बसली आणि बाबांशी, मुलांशी, माझ्याशी तासभर बोलली. सांगलीच्या घरात रविवारी सकाळी तिच्याशी असं बोलल्याचं मला आठवत नाही.

आमिश घरांमध्येही रविवार असाच राखलेला असतो. गुरांचं दूध काढणं, चारा घालणं एवढं सोडलं तर त्या दिवशी काम करत नाहीत. एक रविवार आड कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते आणि सगळी वस्ती तिथे जमते. आदल्या दिवशी कालवून ठेवता येणारा पदार्थ अशा घरात का रुजला असेल, ते वेगळं सांगायला नको. घरातली बाईही विश्रांतीच्या दिवशी विश्रांती घेते, ही गोष्ट मला धर्मापलीकडे जाऊन पटते.

ऋतू बदलतो तसा ट्रे बदलतो. जूनच्या अखेरीपासून ब्लूबेरी, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबरनंतर सफरचंदं. ती मी लँकेस्टर शहरातल्या सेंट्रल मार्केटमधून आणते. लाल विटांची ती इमारत 1889 सालची, बाजार त्याहून कितीतरी जुना. मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरतो. हिवाळ्यात सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी घालते. इथल्या जुन्या घरांत त्यांचं वाळवण असतंच. रात्रभर दुधात त्या फुगतात आणि ताज्या फळापेक्षा चांगल्या लागतात. आंबा मी घालून पाहिला. हापूसचा रस ओव्हनमध्ये जाऊन फुकट जातो, तो थंड, वरून घ्यावा. आणि कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं तिखट ओटमील करायचा आग्रह मैत्रिणी करतात, तो मला मान्य नाही. तिखटमिठाचं खावंसं वाटलं तर ओट्सचा उपमा करावा, उत्तम होतो.

आई आता सांगलीला ते करते. तिच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये निम्मं प्रमाण बसतं, 180 अंशांवर पस्तीस मिनिटं. मेपल सिरपऐवजी चिरलेला गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घेते, दूध गार झाल्यावर ओट्सवर ओतते. दालचिनीबरोबर वेलदोडा. सफरचंद नसेल तेव्हा पिकलेली केळी, आणि मग गूळ निम्मा. तिच्या एका ओव्हन नसलेल्या शेजारणीने जाड बुडाच्या कढईत तळाशी जाळी ठेवून, वर डबा ठेवून, घट्ट झाकणाने मंद आचेवर केलं. वरचा थर खरपूस झाला नाही, बाकी सगळं जमलं.

उरलेले चौकोन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. तव्यावर थोड्या लोण्यावर दोन्ही बाजूंनी परतले तर मुलं डब्यातही नेतात. पहिल्यांदा करणार असाल तर कुटुंब मोठं नसलं तरी पूर्ण प्रमाणाचं करा. फक्त ओट्स आणताना पाकीट नीट वाचा, आणि त्यावर इन्स्टंट लिहिलेलं असेल तर ते परत फळीवर ठेवा.