गिटारीचा अर्थ

माळ्यावरची इलेक्ट्रिक गिटार चिरंजीवांनी खाली काढली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. या गिटारीवरून अप्पांचा आणि माझा १९९९ साली चांगलाच खटका उडाला होता. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही, एवढेच.

अप्पांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून मी ही जुनी गिटार आणली आणि सहा महिन्यांतच ती गुरगुरू लागली. अप्पांनी ती अँप्लिफायरला लावून पाहिली, उलटी-सुलटी केली आणि परत दिली. ''असल्या वस्तूला मी हात लावणार नाही. आधी एम.ए. पूर्ण कर.'' एम.ए. झाले, नोकरी लागली, गिटार माळ्यावर गेली.

नातवाला हा इतिहास ठाऊक नव्हता. लाडात आला की तो आईच्या कन्नडवर घसरतो. ''अज्जा, इदु रिपेरी आगतैतेन?'' त्याने गिटार थेट आजोबांच्या मांडीवर ठेवली. अप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ''आण तो मीटर.''

गिटार जोडली. घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. ''तारांवर हात ठेव,'' अप्पा म्हणाले. हात ठेवला, तरी आवाज तेवढाच. ''कमी व्हायला पाहिजे होता. अर्थ तुटलाय की हिचा!'' तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला अर्थची एक वायर जोडलेली असते, ती खरोखरच निखळली होती. मी मराठी शिकवतो. माझ्याच गिटारीचा अर्थ रेडिओ मेकॅनिकने शोधून द्यावा, याचे मला हसू आले.

पण काम तेवढ्यावर भागले नाही. गिटारीत तीन पिकअप, म्हणजे लोहचुंबकावर केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. अँप्लिफायर तीच मोठी करतो. मीटरवर दोन पिकअप सुमारे सहा हजार ओहम दाखवत होते, मधला मेलेला. आवाजाची बटणे फिरवली की खरखर.

मग सामान आले : २५० किलोओहमचे तीन पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पाच टप्प्यांचा स्विच आणि मधला नवा पिकअप. हा उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या ध्रुवाचा. शेजारच्या पिकअपबरोबर लावला की दोघांतली घुंघुं एकमेकींना खोडते आणि सूर तेवढा शिल्लक राहतो. खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून तीही अर्थला जोडली.

सोल्डरिंग नातवाने केले. पॉटच्या पाठीचा पत्रा उष्णता ओढून घेतो. तो नीट तापल्याशिवाय डाख धरत नाही. पोराला घाई. ''सावकाश, सावकाश,'' अप्पा म्हणत होते. आमच्याकडे हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. काम करता करता नातवाने सांगितले, की १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आणणारे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. अप्पा खूश झाले. ''म्हणजे आमच्यातलाच की!''

मग मान वर न करताच ते मला म्हणाले, ''तेव्हाही ही एवढी एकच वायर होती. मला कळलं होतं. पाच मिनिटांचं काम. पण केलं असतं, तर तू परीक्षेला बसला नसतास. बाकीचं बिघडलं ते माळ्यावर पडून.''

मला राग यायला हवा होता. पण गेल्याच आठवड्यात मी चिरंजीवांना सांगितले होते, ''आधी बारावी, मग गिटार!'' मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिटार जोडली. तारांवर हात ठेवताच घरघर थांबली. अप्पांनी एका बोटाने जाड तार छेडली आणि ती विझेपर्यंत ऐकत राहिले. दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओच्या आत ते तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवायचे. तशी एक चिठ्ठी त्यांनी गिटारीच्या झाकणाखाली लावली. नातवाने विचारले, ''मजुरी किती, अज्जा?''

''तुझ्या बापाकडून घेतो,'' अप्पा म्हणाले, ''त्याला आधी वाजवू दे.''

बोटे पार विसरली होती. तरी वाजवली.