‘पेनिटेन्शरी’ : पहिला तुरुंग आणि नंतरचा तमाशा



ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण तिकडची कष्टकरी काळी माणसं थिएटरात काय बघत होती, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून जमा फनाका या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचे ‘पेनिटेन्शरी’चे तिन्ही भाग पाहिले. पहिला १९७९ चा. तो संपला तेव्हा रात्री दीडला हॉस्टेलच्या जुन्या सोबत्याला फोन करून उठवलं.

चित्रपट भडक आहे, मारामारी आणि बाईचं शरीर विकणारा आहे, हे मान्य. तरी त्यातला तुरुंग खरा वाटतो. फनाकाने तो लॉस एंजेलिसला विद्यापीठात शिकत असताना, तुटपुंज्या पैशात केला. नायक टू स्वीट खुनाच्या आरोपाखाली आत येतो. कोठडीत हाफ डेड त्याच्यावर तुटून पडतो. दोन काळी माणसं एकमेकांचा जीव घ्यायला निघतात आणि किल्ली तिसऱ्याच्या हातात असते! लवकर सुटायचं तर बॉक्सिंग जिंका. म्हणजे सुटकेसाठीही आपल्याच माणसाला ठोकायचं. यावर वेगळं भाषण लागत नाही.

दुसऱ्या भागात (१९८२) मिस्टर टी आला, टू स्वीट बाहेर आला आणि हाफ डेड नुसता सैतान झाला. त्याला तसा कुणी केला, हा प्रश्नच गायब. सूडकथा उरली.

तिसरा (१९८७) मला सहन झाला नाही. तळघरात एका बुटक्या माणसाला जनावरासारखं कोंडलंय. पुढे तो माणसात येतो, पण तोवर आपण त्याला घाबरायचं, हसायचं. माणसाला जनावर ठरवणारी नजर आपण चांगली ओळखतो. इथे ती आपल्याच बाजूच्या कॅमेऱ्यातून आली.

सोबती म्हणाला, “अरे, बाजाराने बिघडवलं.” अर्धंच खरं. तिन्ही भाग फनाकानेच लिहिले, त्यानेच दिग्दर्शित केले. गोऱ्या दिग्दर्शकावर ढकलायची सोय नाही. आणि हाच माणूस पुढे काळ्यांना, स्त्रियांना दिग्दर्शनाचं काम नाकारलं जातं म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेला. दोन्ही गोष्टी त्याच्याच. सोबत्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.