पिशवी रक्ताची, जबाबदारी आपली

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका आजींना रक्त द्यायचे होते. मुलाने रक्तपेढीतून पिशवी आणली आणि खाट मिळण्यास वेळ आहे म्हणून घरी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. "डॉक्टर, अगदी थंडगार ठेवलीय," तो समाधानाने म्हणाला. पाहतो तो पिशवीतील पेशी आणि वरचा द्रव वेगळे ओळखूच येईनात. सारे एकजीव, गडद झाले होते. ते रक्त देणे शक्य नव्हते. दुसरी पिशवी मिळेपर्यंत पहाट झाली. आजी सुदैवाने सावरल्या. चूक मात्र मुलाची नव्हती. पिशवी कशी आणावी, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

तांबड्या पेशीचे आवरण नाजूक असते. रक्त गोठले की ते फाटते आणि आतील हिमोग्लोबिन बाहेर सांडते. यालाच हिमोलिसिस म्हणतात. २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात नीट साठवलेल्या रक्तातही थोड्या पेशी फुटतच असतात. म्हणून साठवणीस मुदत असते. द्रावणानुसार साधारणतः ३५ किंवा ४२ दिवस.

हे फुटणे मोजता येते. नमुना यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवतात आणि वरच्या द्रवातील सुटे हिमोग्लोबिन मोजतात. समजा, १०० मिलिलिटर रक्तात एकूण हिमोग्लोबिन २० ग्रॅम आहे, द्रवाचा वाटा ४० टक्के आहे आणि द्रवात सुट्या हिमोग्लोबिनचे प्रमाण १०० मिलिलिटरला ०.२ ग्रॅम आहे. म्हणजे सुटलेले हिमोग्लोबिन ०.०८ ग्रॅम, अर्थात एकूणाच्या ०.४ टक्के. ही मर्यादा युरोपात ०.८ टक्के, तर अमेरिकेत १ टक्का मानतात.

परंतु ही चाचणी निवडक पिशव्यांचीच होते. रक्तपेढीच्या दाराबाहेर पिशवीची राखण आपल्याच हाती असते. ती रक्तपेढीने दिलेल्या शीतपेटीतूनच थेट रुग्णालयात न्यावी. बर्फाला चिकटवू नये, घरी ठेवू नये, उन्हात वा गरम पाण्यात तर मुळीच नको. "ताजेच रक्त द्या" असा हट्टही नसावा. मुदतीतील जुन्या रक्ताने अधिक अपाय होत नाही, असे २०१५ व २०१६ मधील मोठ्या अभ्यासांत आढळले आहे.

रक्त चालू असताना थंडी, ताप, कंबरदुखी, धाप किंवा लालसर लघवी दिसल्यास परिचारिकेला तत्काळ हाक मारावी. संकोच करू नये. कुणा अनोळखी माणसाने दिलेले ते दान शेवटच्या काही पावलांत वाया जाऊ नये, एवढीच विनंती.